विश्लेषण : क्रीडा स्तंभलेखक बिल सिमन्स यांची लेखणी खरेच बोथट झाली का?

लोकप्रिय स्तंभलेखकाच्या वाट्याला एक वाक्य कधी ना कधी येतेच : ‘पूर्वी काय लिहायचे, आता ती मजा राहिली नाही.’ अमेरिकेत गेल्या पंचवीस वर्षांत हे वाक्य ज्या क्रीडा लेखकाबाबत सर्वाधिक बोलले गेले असेल, त्यांत बिल सिमन्स यांचे नाव बरेच वर आहे. इंटरनेटवरील क्रीडा लेखनाला वळण देणारे म्हणून ते ओळखले जातात आणि स्वतःचीच नक्कल करू लागलेले म्हणून त्यांच्यावर टीकाही होते. ही घसरण खरी आहे का, असल्यास ती लेखणीची आहे की लेखकाच्या बदललेल्या जागेची, याचा हा आढावा.

बिल सिमन्स कोण?

सिमन्स यांचा जन्म १९६९ चा. बॉस्टन आणि परिसरातील संघ हे त्यांचे पहिले प्रेम. वडिलांकडे बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाच्या सामन्यांची मोसमी तिकिटे होती, त्यामुळे लहानपणापासून ते मैदानावर जाऊन सामने पाहत. पत्रकारितेचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी ‘बॉस्टन हेराल्ड’मध्ये शालेय क्रीडा स्पर्धांच्या बातम्यांसारखी कामे केली. तेथे स्तंभलेखक होण्यासाठी ज्येष्ठांची जागा रिकामी होण्याची वाट पाहणे भाग होते. ती न पाहता ते बाहेर पडले, काही काळ बारमध्ये काम केले आणि १९९७ मध्ये ‘एओएल’च्या बॉस्टनविषयक संकेतस्थळावर ‘बॉस्टन स्पोर्ट्स गाय’ या नावाने लिहू लागले. वृत्तपत्रांचे संकेतस्थळाकडे फारसे लक्ष नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. २००१ मध्ये ‘ईएसपीएन’ने त्यांना आपल्या ‘पेज टू’ या ऑनलाइन विभागात घेतले आणि एका शहरापुरता असलेला लेखक देशभर वाचला जाऊ लागला.

त्यांच्या लेखनात नवे काय होते?

तोवरचा क्रीडा स्तंभलेखक पत्रकार कक्षात बसून सामना पाहत असे, नंतर ड्रेसिंग रूममध्ये जाऊन खेळाडूंची प्रतिक्रिया घेत असे आणि ठरलेल्या शब्दसंख्येत मजकूर देत असे. सिमन्स यांच्याकडे यातले काहीच नव्हते. त्यांना खेळाडूंपर्यंत प्रवेश नव्हता, म्हणून ते घरच्या सोफ्यावरून लिहीत. पत्रकाराने तटस्थ असावे हा संकेत त्यांनी मोडला आणि आपण कोणाच्या बाजूचे हे उघड सांगितले. संकेतस्थळावर जागेचे बंधन नसल्याने त्यांचे लेख हजारो शब्दांचे होत.

सामना सुरू असताना मिनिटामिनिटाला लिहिलेली डायरी, वाचकांच्या पत्रांना दिलेली तिरकस उत्तरे, बास्केटबॉलपटूंची ‘अदलाबदलीतील किंमत’ ठरवणारी वार्षिक यादी, पराभवाचे दुःख किती प्रकारचे असते याची प्रतवारी असे अनेक प्रकार त्यांनी रुळवले. एका मित्राच्या कल्पनेवरून त्यांनी मांडलेला ‘युइंग सिद्धांत’ तर क्रीडा रसिकांच्या बोलण्यात शिरला. मोठा तारा संघाबाहेर गेला की संघ अनपेक्षितपणे चांगला खेळू लागतो, असा तो सिद्धांत. १९९९ मध्ये पॅट्रिक युइंग जखमी होऊनही न्यूयॉर्क निक्स अंतिम फेरीत पोहोचले, हे त्याचे ठळक उदाहरण.

याला जोड होती चित्रपट आणि टीव्ही मालिकांच्या संदर्भांची. ‘रॉकी’ किंवा ‘द कराटे किड’मधील प्रसंग बास्केटबॉलच्या चर्चेत सहज येत. खेळ आणि सिनेमा यांची अशी सरमिसळ मराठी वाचकाला अपरिचित नाही. द्वारकानाथ संझगिरी यांच्या क्रिकेटवरील लेखनात हिंदी चित्रपट आणि चित्रगीते अशीच डोकावत. अमेरिकी क्रीडा पानांवर मात्र हा सूर तेव्हा नवखा होता.

घसरणीची तक्रार नेमकी काय आहे?

तक्रार करणारे सारे एकच गोष्ट म्हणत नाहीत, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. पहिल्या गटाचे म्हणणे असे की, विनोद आणि संदर्भ तेच ते झाले. दुसऱ्या गटाला वाटते की सामान्य चाहत्याचा आवाज हरवला. आता बोलतो तो श्रीमंत, ओळखीपाळखी असलेला माध्यम उद्योजक. तिसऱ्या गटाची तक्रार साधी आहे : ते आता फारसे लिहीतच नाहीत. पहिली तक्रार कसबाबद्दल आहे, दुसरी भूमिकेबद्दल आणि तिसरी प्रमाणाबद्दल. तिन्ही एकाच ‘घसरण’ या शब्दात कोंबल्या की उत्तर सापडत नाही. त्यामुळे त्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

संघ जिंकू लागल्याने लेखक हरला का?

सिमन्स यांच्या सुरुवातीच्या लेखनाचे इंधन पराभव हे होते. बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने १९१८ नंतर विजेतेपद मिळवले नव्हते. १९८६ मध्ये विजय हाताशी असताना बिल बकनर यांच्या पायांमधून चेंडू निसटला, २००३ मध्ये न्यूयॉर्क यँकीजने निर्णायक सामन्यात हरवले. हे दुःख पिढीजात होते. आजोबा, वडील आणि मुलगा एकाच वाक्यावर उसासा टाकत. ‘ईएसपीएन’चे दार सिमन्स यांना उघडले तेही यातूनच : रेड सॉक्स सोडून पुढे यँकीजकडे गेलेले गोलंदाज रॉजर क्लेमेन्स यांच्यावरील त्यांचा जळजळीत लेख गाजला होता.

२००४ मध्ये चित्र पालटले. यँकीजविरुद्ध ०-३ असे मागे पडूनही रेड सॉक्सने ती मालिका जिंकली आणि पाठोपाठ ८६ वर्षांनी विजेतेपदही. पुढच्या वर्षी सिमन्स यांच्या रेड सॉक्सविषयक लेखांचे पुस्तक आले, त्याचे नाव होते ‘नाऊ आय कॅन डाय इन पीस’. आता सुखाने डोळे मिटायला हरकत नाही, असा त्याचा भाव. एका अर्थाने त्यांच्या स्तंभातील मुख्य कथा तेथे संपली. त्यानंतर तर विजयांची रांगच लागली. २००२ ते २०१९ या काळात बॉस्टन परिसरातील चार प्रमुख संघांनी मिळून १२ विजेतेपदे मिळवली. त्यांतील सहा न्यू इंग्लंड पेट्रियट्स या फुटबॉल संघाची, चार रेड सॉक्सची, तर सेल्टिक्स (२००८) आणि ब्रुइन्स (२०११) यांचे प्रत्येकी एक.

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याची चिडचिड इतर शहरांतील वाचकालाही आपली वाटते. बारावे विजेतेपद साजरे करणाऱ्याची तक्रार मात्र कोणी ऐकून घेत नाही. वाक्यरचना तीच, विनोदाची ढब तीच, तरी परिणाम उलटा होतो. पूर्वीच्या अतिशयोक्तीत केविलवाणेपणा होता, नंतर तीच अतिशयोक्ती फुशारकी वाटू लागली. यात लेखकाचा दोष एवढाच, की बदललेल्या परिस्थितीसाठी त्याने नवा सूर पटकन शोधला नाही.

चाहता आतल्या गोटात गेला तेव्हा काय बदलले?

२००२ च्या अखेरीस सिमन्स लॉस एंजेलिसला गेले आणि जिमी किमेल यांच्या टीव्ही कार्यक्रमासाठी सुमारे दीड वर्ष लेखन केले. तेथे त्यांनी क्लिपर्स या बास्केटबॉल संघाची मोसमी तिकिटे घेतली. २००९ मध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्हज संघाचे व्यवस्थापक होण्यासाठी त्यांनी अर्ध्या विनोदाने वाचकांमार्फत मोहीम चालवली. बाहेरच्या माणसाने आतल्यांची केलेली ती थट्टा होती, म्हणून ती रंगली. पण २०१२ पासून दोन मोसम ते ‘ईएसपीएन’च्या एनबीए कार्यक्रमात स्टुडिओतील विश्लेषक म्हणून बसू लागले. ज्या खुर्चीची ते टिंगल करत, तीच आता त्यांची झाली.

प्रवेश मिळाला की माहिती वाढते, पण मोकळेपणा कमी होतो. संघमालक, व्यवस्थापक, खेळाडू यांच्याशी गप्पा होऊ लागल्या की ‘मला यातले काही कळत नाही, पण दिसते ते असे’ हा सूर टिकत नाही. ही अडचण केवळ सिमन्स यांची नाही. बाहेरून खडे मारून मोठ्या झालेल्या प्रत्येक लेखकापुढे ती येते.

तरी ते पूर्णपणे मवाळ झाले असे म्हणता येत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये रे राइस यांच्या कौटुंबिक हिंसाचार प्रकरणात अमेरिकी फुटबॉल लीगचे प्रमुख रॉजर गुडेल खोटे बोलत आहेत, असे ते पॉडकास्टमध्ये म्हणाले आणि ‘ईएसपीएन’ने त्यांना तीन आठवडे निलंबित केले. लीगच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क त्याच वाहिनीकडे होते. मे २०१५ मध्ये त्यांच्या कराराचे नूतनीकरण होणार नसल्याचे वाहिनीने जाहीर केले. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, हा सर्वांत धारदार हल्ला लिहिलेला नव्हता, बोललेला होता.

लेखणीची जागा मायक्रोफोनने घेतली का?

प्रमाणाविषयीची तक्रार सर्वांत सहज सिद्ध होते. २००७ मध्ये सिमन्स यांनी पॉडकास्ट सुरू केले, तेव्हा या माध्यमाला ओळख नव्हती. २००९ मध्ये ‘द बुक ऑफ बास्केटबॉल’ हे त्यांचे ७०० हून अधिक पानांचे पुस्तक आले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. खेळाडूंची सर्वकालीन क्रमवारी लावणारे आणि तळटीपांनी भरलेले हे पुस्तक त्यांच्या लेखनाचे शिखर मानणारे बरेच आहेत. त्याच वर्षी त्यांच्या कल्पनेतून साकारलेली ‘थर्टी फॉर थर्टी’ ही माहितीपट मालिका सुरू झाली. २०११ मध्ये ‘ग्रँटलँड’ हे संकेतस्थळ, २०१६ मध्ये ‘द रिंगर’ आणि ‘एचबीओ’वरील अल्पजीवी कार्यक्रम, २०२० मध्ये ‘स्पॉटिफाय’ने केलेली ‘द रिंगर’ची खरेदी, अशी पुढची वाटचाल. या प्रत्येक टप्प्यावर त्यांच्या स्वतःच्या लिखित स्तंभांची संख्या घटत गेली आणि पॉडकास्ट हेच मुख्य काम झाले.

बोलणे आणि लिहिणे यांची कसोटी वेगळी असते. पॉडकास्टमध्ये अर्धवट विचार चालतो, कारण समोरचा तो पूर्ण करतो. पुनरावृत्ती खपते, कारण ऐकणारा गाडी चालवत असतो किंवा भांडी घासत असतो. लेखात मात्र तेच वाक्य दुसऱ्यांदा आले की डोळ्याला खुपते. आठवड्यात अनेक तास बोलणाऱ्याकडे मते भरपूर तयार होतात, पण एका मतावर दोन दिवस बसून ते तासण्याची सवय सुटते. सिमन्स यांचे नंतरचे लेख वाचताना एखादा पॉडकास्ट उतरवून काढल्यासारखा वाटतो, ही टीका त्यामुळे अगदीच अनाठायी नाही.

यामागे अर्थकारणही आहे. लेख लिहायला दिवस लागतात आणि त्याबरोबरच्या जाहिरातीचे मोल कमी मिळते. तासाभराच्या गप्पांना श्रोता शेवटपर्यंत थांबतो आणि जाहिरात खुद्द निवेदकाच्या आवाजात ऐकतो. मराठीसह भारतीय भाषांतील क्रीडा लेखकही यूट्यूबकडे वळत आहेत, त्यामागचे गणित फार निराळे नाही.

दोष नवे की जुनेच?

कसबाबद्दलची तक्रार तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे जुने लेख पुन्हा वाचणे. तसे केल्यास दोन गोष्टी जाणवतात. एक, उत्साह आणि निरीक्षण खरोखरच ताजे होते. दोन, ज्या खोडींवर आज टीका होते त्यांतील बहुतेक तेव्हाही होत्या. मित्रांच्या कंपूतील विनोद, बॉस्टनकडे झुकलेले माप, ऐंशीच्या दशकातील मोजक्याच चित्रपटांचे दाखले, महिलांच्या बास्केटबॉलची हेटाळणी आणि स्त्रियांवरचे शेरे हे सारे पहिल्यापासून होते. वाचक प्रामुख्याने त्याच वयाचे, त्याच आवडीचे पुरुष होते, तोवर ते खटकले नाही. वाचकवर्ग विस्तारला आणि काळ बदलला तसे ते ठळक झाले.

या मर्यादेची सर्वांत गंभीर किंमत संपादकाच्या भूमिकेत मोजावी लागली. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्रँटलँड’ने गोल्फच्या पटरवरील एका दीर्घ लेखात तो पटर तयार करणाऱ्या महिलेची ट्रान्सजेंडर ओळख उघड केली. लेख प्रसिद्ध होण्यापूर्वीच तिने आत्महत्या केली होती. या समाजाची जाण असलेल्या एकाही व्यक्तीला तो लेख आधी दाखवला गेला नव्हता. एकसारख्या माणसांच्या गटात लेखन रंगते, पण त्यातली चूक दाखवणारा कोणी उरत नाही, हे त्या प्रकरणाने दाखवले.

त्याच ‘ग्रँटलँड’ची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. झॅक लोव यांचे बास्केटबॉलच्या डावपेचांवरील विश्लेषण, वेस्ली मॉरिस यांची चित्रपट समीक्षा, ब्रायन फिलिप्स यांचे दीर्घ लेख अशा अनेकांना तेथे मोकळी जागा मिळाली. सिमन्स स्वतः कमी लिहू लागले त्या काळात इतरांचे उत्तम लेखन त्यांच्या छत्राखाली आले. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘ईएसपीएन’ने ते संकेतस्थळ बंद केले, तेव्हा हळहळ झाली ती बव्हंशी या लेखकांसाठी.

वयानुसार स्तंभलेखक थकतोच का?

अमेरिकी क्रीडा लेखनाचा इतिहास तसे सांगत नाही. रेड स्मिथ यांना स्तंभलेखनासाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला तो १९७६ मध्ये, वयाच्या सत्तरीत. १९८२ मध्ये निधनाच्या काही दिवस आधीपर्यंत ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी लिहीत होते. रॉजर एंजल १९६२ पासून ‘द न्यूयॉर्कर’मध्ये बेसबॉलवर लिहीत आणि वृद्धत्वावरील त्यांचा बहुचर्चित निबंध २०१४ मध्ये, ते ९३ वर्षांचे असताना आला. या दोघांत साम्य एवढेच की ते उतारवयातही लिहीत राहिले आणि त्यांची शैली एका वयाच्या चाहत्यावर बेतलेली नव्हती. एंजलही उघडपणे चाहते होते, पण त्यांचे लक्ष स्वतःच्या मनःस्थितीपेक्षा मैदानावर अधिक असे.

सिमन्स यांच्या शैलीचा पाया मात्र तिशीतला तरुण, त्याचे मित्र आणि त्यांच्या पैजा हा होता. असा आवाज पन्नाशीत तसाच काढला तर कृत्रिम वाटतो आणि बदलला तर जुने वाचक ‘हा तो नव्हेच’ म्हणतात.

वाचक बदलला, हे कारण कितपत खरे?

२००१ मध्ये कॉलेजात असलेला वाचक आज चाळिशी ओलांडून गेला आहे. कार्यालयाच्या संगणकावर चोरून वाचलेल्या त्या लेखांबरोबर त्याचे तारुण्यही जोडलेले आहे. शिवाय सिमन्स यांनी रुळवलेली शैली इतक्या जणांनी उचलली की मूळ लेखकच आता इतरांसारखा वाटतो. थेट सामन्यावरची मिनिटागणिक शेरेबाजी आज समाजमाध्यमांवर लाखो जण करतात. खेळाडूंची तुलना आता आकडेवारीच्या खोल विश्लेषणातून होते, त्यापुढे ‘मला असे वाटते’ हा युक्तिवाद तोकडा पडतो. मात्र सारा दोष वाचकाच्या स्मरणरंजनावर ढकलणेही बरोबर नाही. जो वाचक लेखकाबरोबर वाढला, त्याला लेखकानेही वाढावे असे वाटले तर त्यात गैर काय?

मग निष्कर्ष काय?

तिन्ही तक्रारींची उत्तरे वेगवेगळी येतात. सिमन्स कमी लिहितात, हे निर्विवाद आहे आणि तो त्यांनी स्वतः केलेला व्यावसायिक निर्णय आहे. चाहत्याचा सूर विरला हेही खरे, कारण संघ जिंकले, लेखक श्रीमंत झाला आणि ज्या जागेवरून तो लिहीत होता ती जागाच उरली नाही. कसब आटले का, याचे उत्तर ‘अंशतः’ असे द्यावे लागेल. दोष पूर्वीचेच आहेत, पण ते झाकणारी ऊर्जा आणि लेख पुन्हा पुन्हा घासण्याची मेहनत आता दुसऱ्या कामात खर्च होते.

यातून वृत्तपत्रांनी आणि संकेतस्थळांनी घ्यायचा बोध अधिक महत्त्वाचा. चांगल्या स्तंभलेखकाला बक्षीस म्हणून स्टुडिओतील खुर्ची, संपादकपद किंवा पॉडकास्ट दिले जाते, आणि त्यातून पहिल्यांदा बळी जातो तो स्तंभाचाच. सिमन्स यांची सुरुवात झाली ती १९९७ मध्ये कोणाचेही लक्ष नसलेल्या एका कोपऱ्यात, भरपूर वेळ हाताशी असलेल्या तरुणाच्या रूपाने. आज तसा तरुण पहिल्या दिवसापासून कॅमेऱ्यासमोर बसतो. पुढचा मोठा क्रीडा स्तंभलेखक हवा असेल, तर त्याला लिहिण्यापुरते पैसे आणि लेख परत पाठवणारा संपादक या दोन्ही गोष्टी कोणाला तरी पुरवाव्या लागतील.